बेळगावातून समुद्राकडे: मच्छीमारांसोबत प्रवाळाचं काम सुरू करताना

बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटमध्ये सकाळी लवकर गेलात तर बर्फाच्या पेट्या उतरताना दिसतात. एका पेटीत बांगडे, दुसरीत तारल्या, कोपऱ्यातल्या टोपलीत दोन-चार लालभडक तांबोश्या. कुठून आले म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: मालवण, गोवा, कारवार. आपण सीमाभागातली माणसं स्वतःला घाटावरची म्हणवतो, आणि समुद्र म्हणजे मे महिन्यात चार दिवस जाऊन यायची जागा असं धरून चालतो. पण आठवड्यातून एकदा-दोनदा तो आपल्या ताटात येतोच.

गेली काही वर्षं मी खानापूरहून मालवण आणि कारवारच्या फेऱ्या करतो आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "प्रवाळ लावायचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रवाळ लावणं म्हणजे त्याचे मोडून पडलेले जिवंत तुकडे समुद्रात पुन्हा रुजवणं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिलं वर्षभर प्रवाळाला हात लावायचा नाही. पहिलं वर्ष मच्छीमारांचं. हे ज्यांना जमतं त्यांचंच काम पुढे टिकतं, असा माझा अनुभव आहे.

बाजारातून सुरुवात करा

समुद्रावर जाण्याआधी सलग चार रविवार फिश मार्केटमध्ये घालवा. सोबत वही, पेन्सिल आणि शाळेतली फूटपट्टी. कुठला मासा आला, कुठल्या बंदरावरून आला, किती लांबीचा आहे, एवढंच लिहायचं. गर्दीच्या वेळी विचारत बसू नका. साडेदहा-अकरानंतर मासे विकणाऱ्या मावशींचा हात मोकळा होतो, तेव्हा त्या आपणहून सांगतात. आणि रिकाम्या हातानं परतू नका, अर्धा किलो का होईना, मासे घ्या.

चार रविवारांत एक गोष्ट लक्षात येईल. बांगडा, तारली हे मोकळ्या पाण्यात थव्यानं फिरणारे मासे, पेट्याच्या पेट्या भरून येतात. तांबोशी, गोब्रा, शेवंड मात्र मोजकेच दिसतात, कारण ते खडकांच्या आडोशानं, कपारीत राहतात. प्रवाळाचं आणि मच्छीमाराच्या पोटाचं नातं काय, हे कुठल्याही माहितीपटाआधी ती टोपली सांगते.

फूटपट्टी कशाला, तर महाराष्ट्रानं २०२३ साली ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली आहे. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत आणि बोंबील १८० मिलिमीटरच्या आत पकडायचा नाही. तळहाताएवढंही नसलेलं पापलेट टोपलीत दिसलं तर त्यानं एकदाही अंडी घातलेली नसण्याची शक्यता जास्त. हे तुम्हाला समजलं पाहिजे, पण म्हणून मावशींशी भांडायला जाऊ नका. त्या विकतात, पकडत नाहीत.

प्रवाळ म्हणजे काय, एवढं पक्कं करून घ्या

प्रवाळ दगडासारखं दिसतं, झाडासारखं वाढतं आणि असतं मात्र प्राणी. दाण्याएवढे हजारो जीव शेजारी शेजारी चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्या शैवालाचाच.

एवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पाणी गढूळ झालं की प्रकाश खाली पोचत नाही, शैवाल उपाशी, म्हणजे प्रवाळ उपाशी. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाही निवलं तर मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या पांढरे पडण्याच्या घटनेची घोषणा केली, आणि आपल्या लक्षद्वीपलाही त्या वर्षी मोठा फटका बसला.

वाढ किती? गोलसर, दगडी जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं. फांद्यांचं प्रवाळ चांगल्या जागी दहा सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे ढोलकीएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या आधी जन्मलेला असू शकतो.

आता आपल्या नद्यांचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पण पूर्वेला कृष्णेकडे जाते. मार्कंडेय आणि घटप्रभाही तिकडेच. म्हणजे बेळगाव शहराचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागाची गोष्ट वेगळी. देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. त्या डोंगरावरची झाडं तुटली की माती नदीत, नदीतून समुद्रात, आणि बारीक गाळ प्रवाळावर. त्यामुळे खानापूरच्या पोरांनी "आमचा काय संबंध" असं म्हणू नये.

कुठे जायचं

आपल्याला जवळच्या जागा दोन: आंबोलीवरून उतरून मालवण, किंवा रामनगर-जोयडावरून कारवार. थोडं पुढे गेलं तर मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडपांवर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, प्रवाळ आहे. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पाणी उथळ, किनारा जवळ, आणि भाषा आपली. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. तिथलं पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, पण बोट लागते, खर्च लागतो आणि पाण्याचा सराव लागतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. कारवारला जायचं ते मुख्यतः शिकायला. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग तिथे कोडीबागेत आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही आहे. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलांना घरापासून इतक्या जवळ समुद्र शिकता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पोहणं

विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेला माणूस समुद्रात पहिल्यांदा गांगरतो. पाणी हलतं, तोंडात खारट जातं, खाली तळ दिसत नाही. आधी तलावात न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगणं जमवा. स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमालाही हीच अट असते. तो केला की १८ मीटरपर्यंत उतरता येतं, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची त्यासाठीची संस्था आहे. पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. मुखवटा, नळी आणि लाइफ जॅकेट पुरे. उन्हासाठी क्रीम फासू नका, काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला घातक असतात. लांब बाह्यांचा घट्ट शर्ट घाला.

मच्छीमारांपाशी बसायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

मालवणचं अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही, ही भावना तिथल्या मच्छीमारांत खोलवर आहे. विरोध तेव्हापासूनचा. त्यामुळे बाहेरून आलेला मुलगा "संरक्षण" हा शब्द उच्चारतो तेव्हा समोरच्याला ऐकू येतं, "आता हा आमचं पाणी बंद करणार." तुमच्या मनात तसं काही नसलं तरी त्यांना तेच ऐकू येणार. म्हणून पहिले काही महिने हा शब्द वापरूच नका.

मग बोलायचं काय? त्यांना रोज छळणाऱ्या गोष्टींबद्दल. पर्ससीन, म्हणजे थवाच्या थवा घेरणारी मोठी जाळी, आणि एलईडी दिव्यांची मासेमारी. केंद्र सरकारनं २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात अशी तक्रार किनाऱ्यावर कायम ऐकू येते. डिझेलचा भाव. खडपात अडकून फाटलेलं जाळं. हे सगळं ऐका, वहीत लिहा. खडपाचं दुखणं मच्छीमाराला तुमच्या आधी माहीत असतं. त्याला फक्त तुमचे शब्द माहीत नसतात, आणि तुम्हाला त्याचे.

वेळ निवडायलाही शिका. पहाटे बोट लागते तेव्हा सगळे घाईत असतात. तेव्हा बोलायला नाही, हात लावायला जा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोरीला धरा. रापणीत दोरी ओढणाऱ्याचा वाटा असतो. तुम्हाला मूठभर मासे दिले तर नको म्हणू नका, तो मान आहे. निवांत गप्पांचा खरा काळ म्हणजे पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या, आणि माणसं पडवीत जाळी शिवत बसलेली. आपल्याकडची मुलं नेमकी तेव्हा जात नाहीत, कारण समुद्रात उतरता येत नाही. मी तर म्हणतो, पहिली फेरी जुलैतच करा. पावसातला आंबोली घाट जपून उतरा आणि दोन दिवस नुसते पडवीत बसा.

वडीलधाऱ्यांना आबा, काका म्हणा. बोटीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. खोली मीटरमध्ये विचारू नका, "किती वाव पाणी?" असं विचारा. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. सुकती (म्हणजे ओहोटी), भरती, उधाण, खडप एवढे शब्द पाठ करून जा. आणि बायकांकडे दुर्लक्ष करू नका. किनाऱ्यावर पैशाचा हिशेब बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतो. त्यांना पटलं नाही तर बोट तुम्हाला मिळणार नाही.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट. सुकतीच्या वेळी किल्ल्याच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उतरलो होतो. मुखवट्यात पाणी गेलं म्हणून दम घ्यायला उभा राहिलो. पायाखाली काहीतरी कुडकन मोडलं. शिळ्या भाकरीचा तुकडा मोडावा तसा आवाज, पण पाण्यातून आलेला, पायाच्या हाडातून ऐकू आलेला. बोटीवरून तांडेल ओरडले, "पाय वर घे रे झिला, थंय जीव आसा!" वर आल्यावर ते रागावले नाहीत. माझ्या तळव्याला काप गेला होता, त्यावर त्यांनी गोडं पाणी ओतलं आणि एवढंच म्हणाले की खडपार उभा रवाचा नाय. थंय जीव आसा, हे मला पुस्तकानं शिकवलं नव्हतं. आणि ज्या माणसाला आम्ही "जागृत करायला" निघालो होतो, त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

आपल्याकडे, म्हणजे सीमाभागातल्या माणसाकडे, एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसते. आपल्याला मराठी येते, कन्नड येते, आणि कोकणी निदान कळते. मालवणात सरकारी कागद मराठीत, कारवार-भटकळात कन्नडमध्ये, शास्त्रज्ञांचे अहवाल इंग्रजीत, आणि मच्छीमाराचं बोलणं मालवणीत नाहीतर कोकणीत. कारवारच्या गाबित, हरिकंत्र, खारवी या मच्छीमार समाजांच्या वस्त्यांत जुन्या पिढीतले कित्येकजण मराठी शाळेत शिकलेले आहेत. त्यांच्या पाण्याबद्दल लिहिलेला अहवाल त्यांना कधी कुणी वाचून दाखवलेला नसतो. तो वाचून दाखवणं, त्यांचं म्हणणं कन्नड अर्जात नीट मांडून देणं, हे काम तुम्ही पहिल्या महिन्यापासून करू शकता. पाण्यात उतरून जेवढा उपयोग होईल त्यापेक्षा हा उपयोग मोठा आहे, असं मी अगदी मनापासून सांगतो.

लोकांचं ऐकून सुरू झालेलं काम कुठवर जातं, ते गुजरातच्या किनाऱ्यावर बघा. तिथे देवमुशीची, म्हणजे व्हेल शार्कची, सर्रास शिकार व्हायची. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाच्या मोहिमेत मोरारी बापूंनी हा मासा म्हणजे माहेरी बाळंतपणाला आलेली लेक, असं सांगितलं. जे त्याला मारायचे तेच पुढे स्वतःची जाळी कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रात आता कासव, डॉल्फिन, देवमुशी यांना सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना ठाऊक नसलेला मच्छीमार भेटला तर त्याला सांगा, आणि अर्ज भरायला मदत करा. फाटलेल्या जाळ्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

कायदा

इथे चूक परवडत नाही. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. तोडणं, उचलणं, घरी आणणं, विकणं, सगळं गुन्हा, आणि त्यासाठी किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून खिशात टाकू नका. लावणीसाठी प्रवाळ हलवायचं असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती एकट्यादुकट्याला मिळत नाही, अभ्यासू संस्थेमार्फतच मिळते. मालवणकडे वनखात्याचा कांदळवन कक्ष ही कामं बघतो. नेत्राणी कर्नाटक वनखात्याकडे. म्हणून "चला, आपणच लावू" असं कुणी म्हणालं, आणि परवानगीचा कागद दाखवला नाही, तर तिथून निघा.

(अंगठीतल्या पोवळ्याबद्दल हमखास विचारलं जातं. ते लाल पोवळं वेगळ्या जातीचं, खोल पाण्यातलं, बहुतांशी भूमध्य समुद्रातून येणारं. आपल्या खडपावरचं प्रवाळ ते नव्हे.)

पहिल्या वर्षाची कामं

तुटून राहिलेली जाळी काढणं हे पहिलं. नायलॉनचं जाळं खडपाला अडकून तुटलं की वर्षानुवर्षं तिथेच राहतं. लाटेबरोबर हलत राहतं, प्रवाळ घासत राहतं, त्यात खेकडे अडकून मरतात. ते ओढून काढायचं नसतं. ओढलं की प्रवाळही उपटून येतं. पाणबुडे कात्रीनं वीतभर वीतभर कापत जातात आणि तुकडे पोत्यात भरतात. जिथे प्रवाळ जाळ्यावरूनच वाढलेलं असतं तिथे तेवढा तुकडा तसाच सोडतात. तुमचं काम बोटीवर: पोतं वर घेणं, तोलणं, आणि ते तुकडे तांडेलांसमोर पसरणं. ते नुसत्या हाताच्या स्पर्शानं सांगतात की हे कुठल्या जाळ्याचं, आस (जाळ्याचं भोक) किती, साधारण कुठल्या भागातली बोट. ती माहिती लिहून ठेवा. कुणाचं नाव निघालं तर नाव लिहू नका. गावात भांडण लागलं की काम संपलं.

दुसरं काम नांगराचं. पर्यटकांच्या बोटी खडपावर नांगर टाकतात, आणि एका नांगरानं तासाभरात होणारं नुकसान भरून यायला दहा वर्षं जातात. उपाय सोपा आहे. खडपाबाहेर कायमचा बोया, म्हणजे तरंगता गोळा, बांधायचा आणि बोटींनी त्याला दोर लावायचा. जागा कुठली, हे स्थानिक बोटवाल्यांनीच ठरवू दे. वारा कुठून लागतो, बोट कुठे फिरते, हे त्यांना ठाऊक. तुम्ही दोर तपासणं, शेवाळ खरवडणं, परवानगीचे कागद सांभाळणं ही कामं घ्या. पर्यटक माशांना पाव-बिस्किटं टाकतात, तेही गोडीत बोलून थांबवा.

लावणीचं काम

पहिलं वर्ष पार पडलं, संस्थेची परवानगी आहे, गावाची संमती आहे, तर मग पुढचं.

पद्धत थोडक्यात अशी. निरोगी प्रवाळ फोडायचं नसतं. लाटेनं किंवा नांगरानं मोडून पडलेले, पण अजून जिवंत असलेले बोटभर तुकडे गोळा करतात. सिमेंटच्या लहान चकतीवर बांधतात, आणि चकत्या समुद्रतळावर ठेवलेल्या सांगाड्यावर पक्क्या करतात. तुकडा ज्या खोलीवरून उचलला साधारण त्याच खोलीवर लावायचा. हाताळणी होईतो तो समुद्राच्या पाण्यात आणि सावलीत ठेवायचा. लावणी नोव्हेंबर ते जानेवारीत केलेली बरी. एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात किंवा पावसाळा तोंडावर असताना लावलं तर तुकडा धरत नाही. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात हे काम २००२ पासून चालू आहे, गुजरातेत मिठापूरला २००८ पासून. त्या अनुभवातून हे नियम घडले आहेत.

सांगाड्यांच्या बाबतीत बेळगावकर खरंच उपयोगी पडतो. उद्यमबाग या आपल्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग आणि कास्टिंगचं कौशल्य असलेली माणसं पावलोपावली आहेत. परवानगी असलेल्या एका कामासाठी आम्ही तिथल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सळ्यांचे चार सांगाडे केले. देखणे झाले होते, वर ऑइलपेंटचे दोन हात. मालवणात उतरवल्यावर तांडेलांनी नखानं रंग खरवडला, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "ह्यो रंग पाण्यात सुटतलो मा?" आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. मग त्यांनी सांगाड्याचा पाय धरून हलवला. म्हणाले, आषाढातल्या लाटेला हा पालथा होणार, पायांना आडवी पट्टी हवी आणि खाली दगडाचं वजन. चारही सांगाडे परत टेम्पोत घालून बेळगावला आणले. रंग उतरवला, पट्ट्या जोडल्या, टोकदार कडा घासून गोल केल्या, कारण जाळं अडकून फाटलं तर नुकसान मच्छीमाराचं. तुम्ही आधी विचारा. आराखडा कागदावर काढून तांडेलांना दाखवा, मगच सळ्या कापा. सांगाड्यांची जागाही त्यांच्याच संमतीनं ठरवा, जाळी टाकण्याच्या वाटेत ती येता कामा नये.

लावलेलं सगळं जगत नाही. पाणी तापलं तर चांगली दोन वर्षांची वाढ एका उन्हाळ्यात जाते. म्हणून आहे ते प्रवाळ वाचवणं पहिलं, लावणी दुसरी.

नोंदी

लावून आल्यावर खरी नोकरी सुरू होते. महिन्यातून एकदा, शक्यतो सारख्याच भरतीच्या वेळी, त्याच जागी. पीव्हीसी पाइपचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन तळावर अलगद धरायचा आणि सरळ वरून फोटो काढायचा. पाइपला भोकं पाडा, नाहीतर तो तरंगतो. तुकडा जिवंत आहे का, किती वाढला, शेवाळ चढलंय का, गाळ बसलाय का. रंग किती फिका पडला हे ताडण्यासाठी क्वीन्सलंड विद्यापीठानं तयार केलेला रंगांचा तक्ता मिळतो. प्रवाळाशेजारी धरून आकडा लिहायचा. पाण्याखाली लिहायला प्लास्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल चालते. तापमान दर वेळी, न चुकता. आणि शेवटचा रकाना तांडेलांचा: या महिन्यात त्या भागात काय मिळालं, पाणी कसं होतं. दोन वर्षांनी तोच रकाना सगळ्यात मोलाचा ठरतो.

शेवाळ जास्त झालं तर मऊ ब्रशनं काढतात, पण शिकल्याशिवाय नाही.

पैसा

मच्छीमाराचा दिवस फुकट मागू नका. बोट तुमच्यासाठी थांबली म्हणजे त्या दिवशीची मासेमारी बुडाली. डिझेल, तांडेलांची आणि खलाशांची मजुरी ठरवून, शक्यतो त्याच संध्याकाळी द्या. आपल्याकडे गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळं आहेत, भिशी आहे, वर्गणी काढायची सवय आहे. एखाद्या मंडळानं वर्षाला दोन बोटींच्या फेऱ्यांचा खर्च उचलला तरी काम चालतं. हिशेब मात्र मराठीत लिहून मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावा, मंडळाच्या फळ्यावरही लावा. एका गटाचं काम माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलं ते प्रवाळ मेल्यामुळे नव्हे, हिशेब न दाखवल्यामुळे.

पहिल्या फेरीची तयारी

पावसाळ्यातली ओळख झाली, नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाली, बोटी पाण्यात गेल्या. तरी लगेच धावू नका. सप्टेंबरात पाणी गढूळच असतं. पाण्यात उतरण्याची पहिली फेरी नोव्हेंबरात ठेवा, जमलं तर डिसेंबरात. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज बघायची सवय लावून घ्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये साठवा. एकटे जाऊ नका, निदान तिघे जा, आणि त्यातल्या एकानं कायम बोटीवर थांबायचं.

पिशवीत: मुखवटा-नळी, लांब बाह्यांचा शर्ट, लाइफ जॅकेट, पाटी-पेन्सिल, पाण्याची बाटली, मलमपट्टी, कोरडे कपडे. पडवीत बसायला जाणार त्या घरासाठी बेळगावचा कुंदा घ्या, त्यांची मुलं वाट बघतात.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तांडेलांना फोन करा आणि पाणी कसं आहे ते विचारा. "येवा" म्हणाले तर पहाटे निघून आंबोली उतरा. "पाणी गढूळ आसा" म्हणाले, तर पिशवी भरलेली तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.